खाडीत मुक्कामाला प्लायची सोळा फुटी हाऊसबोट

प्लाय कडेने मरतो. चिपळुणात माझं किचन ट्रॉल्यांचं वर्कशॉप आहे. सिंकखालची जेवढी कुजकी कपाटं आजवर उचकटून काढली, त्यांतलं एकही मधोमध कुजलेलं नव्हतं. लॅमिनेट चकचकीत, वरचा थर ठणठणीत, आणि खालची कड अंगठ्याने दाबली की नुसता भुसा. वरून पाणी आत शिरायला वेळ लागतो. कडेला मात्र लाकडाचे धागे उघडे पडलेले असतात आणि ते पाणी ओढत राहतात. बोट बांधताना एवढंच डोक्यात पक्कं ठेवा की प्रत्येक कड, प्रत्येक भोक, प्रत्येक स्क्रूची जागा बंद झाली पाहिजे. बाकीचं सगळं फर्निचरचं काम आहे, आणि तेवढं करणारे मिस्त्री कोकणात गल्लोगल्ली आहेत.

हाऊसबोट म्हटलं की लोकांना केरळ आठवतं. बांबूचं छप्पर, एसी बेडरूम, वर आचारी. तसलं काही इथे नाही. ही दोन माणसांची बोट आहे. शनिवारी सकाळी निघायचं, खाडीत कुठेतरी नांगर टाकायचा, जेवून झोपायचं, रविवारी भरती बघून परत. आत उभं राहता येत नाही, बसता येतं. ती फक्त खाडीच्या पोटात चालवायची. दाभोळ खाडीच्या मुखाबाहेर तिला नेऊ नका. सपाट तळाची पेटी समुद्राच्या लाटेवर आपटते आणि वाऱ्याला ऐकत नाही.

प्लाय घ्यायच्या आधी कागद. इंजिन लावलेल्या बोटीला नोंदणी आणि तपासणी लागते. 1917 चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 आलाय, आणि आमची दाभोळ खाडी-वाशिष्ठी तर 2016 पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 आहे. साधा हाताने काढलेला आराखडा घेऊन महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधी जाऊन या. बांधून झाल्यावर गेलात आणि त्यांनी काही बदल सांगितला, तर तो करवतीनेच करावा लागेल. पैसे घेऊन पाहुणे फिरवायचे असतील तर नियम फार वेगळे आहेत, त्यासाठी हा लेख उपयोगाचा नाही. धरणाच्या पाण्यात न्यायची असेल तर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी.

आकार

आकार प्लायच्या शीटवरून ठरवा, म्हणजे कमीत कमी वाया जातं. शीट 8 बाय 4 फुटांची. तळ 6 फूट रुंद धरला तर 12 मिमीच्या बरोबर तीन शीट लागतात: दोन अख्ख्या एकापुढे एक, आणि तिसरी उभी चिरून दोन फुटी पट्ट्या. बाजू 2 फूट उंच, 9 मिमीच्या दोन शीट उभ्या चिरल्या की दोन्ही बाजू निघाल्या. तळ मधे 12 फूट सपाट ठेवायचा, पुढे 3 फुटांत 14 इंच वर उचलायचा, मागे 1 फुटात 4 इंच. प्लाय वाकवत बसू नका. फासळीवर, म्हणजे आतून आडव्या लावलेल्या लाकडावर, कापून सरळ कोन करा आणि सांधा भरा. सोळा फुटी म्हणायची, भरते पावणेसोळा.

पुढून अशी चपटी बोट बघून गोवळकोटच्या एका खारवी (मच्छीमार) काकांनी विचारलं होतं, "ताई, हिला नाक कुठाय?" मी म्हटलं, काका, नाक काढलं तर झोपायची जागा जाते. ते हसले, मग तळाखालून हात फिरवून म्हणाले, "चिखलावर सरळ बसेल हां." त्याच कारणासाठी तळ सपाट ठेवलाय. ओहोटीत बोट टेकली तर एका कुशीवर कलत नाही, आणि तुम्ही अंथरुणातून घरंगळत नाही.

आता हिशोब. सपाट भाग 12 गुणिले 6, म्हणजे 72 चौरस फूट. बोट एक इंच खाली जायला 6 घनफूट पाणी बाजूला सरावं लागतं. घनफुटाला सुमारे 28 किलो, म्हणजे इंचाला 170 किलो. खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. 12 मिमीची मरीन प्लायची शीट अंदाजे 24 किलो, 9 मिमीची 18, 6 मिमीची 12. तळ, बाजू, केबिन, डेक, आतले बाक असं सगळं धरून प्लाय 230 किलोच्या आसपास जातो. पट्ट्या आणि फासळ्यांचं लाकूड 50, इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं चिकट रसायन), काचकापड आणि रंग 40. त्यावर दोन माणसं, इंजिन, बॅटरी, पाण्याचे कॅन, सामान. एकूण सव्वासहाशे किलो. म्हणजे बोट चार इंचांच्या आत-बाहेर बुडणार आणि पाण्यावर वीस इंच बाजू उरणार. हे आकडे कागदावर आलेले नसतील तर लाकूड कापू नका. आणि हो, पुठ्ठ्याचं मॉडेल करा, फुटाला एक इंच. कोपऱ्यांत काय घोळ होणार ते पुठ्ठा आधीच सांगतो.

अजून एक माप राहिलं, वर्कशॉपच्या दाराचं. केबिन बसवल्यावर उंची साडेचार फूट होते, खाली ठोकळे असतात ते वेगळे.

प्लाय कुठला

22 जुलै 2021 च्या पुराने मला जे शिकवलं ते कुठल्या डीलरने शिकवलं नसतं. पाणी ओसरल्यावर चिखल काढून रॅक बघितला. पार्टिकल बोर्ड फुगून जाडीला दुप्पट झालेलं. कमर्शियल एमआर प्लायच्या (नुसत्या दमटपणापुरता असतो तो) कोपऱ्यांची पानं, म्हणजे पातळ थर, सुटून उघडी पडलेली, मधे बोट घालता येईल इतकी. आणि तळाशी आयएस 710 चे तुकडे होते, मरीन प्लाय. धुतले, सावलीत उभे करून सुकवले, मधला भाग जसाच्या तसा. फक्त कापलेल्या कडेपासून दोन बोटं आत काळी पट्टी होती. ती पट्टी मी ओळखत होते, सिंकखाली रोज दिसते.

तर तळ आणि बाजूंना आयएस 710 शिवाय काही वापरू नका. शिक्का शीटवर बघा, बिलावर नको. या मानकात प्लायचा सांधा 72 तास उकळून तपासतात. घरी तेवढा गॅस जाळायची गरज नाही. डीलरकडून वीतभर तुकडा मागा, जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळा, उन्हात खडखडीत वाळवा, पुन्हा उकळा. मग पटाशी घालून पानं उचकटायचा प्रयत्न करा. लाकूड फाटलं तर चांगला, गोंद सुटला तर परत द्या. दुसरी परीक्षा कड बघण्याची. कापलेल्या कडेत बारीक पोकळ्या दिसल्या, म्हणजे आतल्या पानांच्या जोडात गॅप आहे. कपाटाला चालेल. तळाला चालणार नाही, कारण त्या पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

पट्ट्या आणि फासळ्यांना सागवान. जुन्या घराच्या पाडकामातला मिळाला तर उत्तम, वाळलेला असतो. त्याला रंधा मारून खिळे शोधून काढा, नाहीतर मशीनचं पातं गेलं. स्क्रू स्टेनलेस, 316 मिळाले तर 316, नाहीतर 304. काळे जिप्समचे स्क्रू तात्पुरते धरून ठेवायला छान, पण इपॉक्सी सुकल्यावर प्रत्येक काढून घ्यायचा. साधं पांढरं फेव्हिकॉल सुताराच्या हाताशी असतं, ते त्या दिवसांपुरतं कपाटात कुलूपबंद करा. सतत ओलाव्यात ते टिकत नाही.

इपॉक्सी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बोट टिकते ती इथे.

काम नोव्हेंबर ते मार्चच करा. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट, चिकट साय धरते, आणि तिच्यावर दुसरा थर मारला तर तो धरत नाही. कोरड्या दिवसांतही दुसऱ्या हाताआधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने पृष्ठभाग घासून पुसून घ्यायचा. मग पॉलिश पेपर. क्रम उलटा केला तर ती साय पेपरने आत रगडली जाते.

रेझिन आणि हार्डनर किचनच्या डिजिटल काट्यावर मोजा, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायची सवय आपल्या मिस्त्रींना पॉलिएस्टर रेझिनने लावलीय. इपॉक्सीत ते चालत नाही, जास्तीचा हार्डनर तसाच मऊ राहतो. एका वेळी पाव किलोच्या वर मिसळू नका, आणि मिसळलं की पसरट ट्रेमध्ये ओता. मगमध्ये ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने ते धुमसायला लागतं आणि तो मगच वितळतो. हातमोजे सक्तीचे. कातडीला एकदा इपॉक्सीची ॲलर्जी बसली की जन्माची. पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क.

पॉलिएस्टर स्वस्त पडतं हे खरं, पण लाकडाला ते वरवरच धरतं. पाण्याच्या टाक्या करणारे जी चटई वापरतात ती चॉप्ड मॅटसुद्धा घेऊ नका. तिच्यातला बांधणीचा पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं काचकापड घ्या, 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम). एकूण 30 किलो इपॉक्सी धरा. बिल बघून घरचे विचारतील, तेव्हा सांगा की बोट यातच आहे, प्लाय फक्त साचा.

जोडणीचा क्रम असा. जमीन सपाट नसेल तर ठोकळे लावून पाणसळ धरा, कारण वाकडी जोडलेली पेटी नंतर सरळ होत नाही. तळाच्या शीटा जोडायला आतून 9 इंच रुंद 12 मिमीची पट्टी, इपॉक्सीने चिकटवलेली. तिरका सांधा जास्त देखणा, जाडीच्या आठपट लांब म्हणजे चार इंच रंधायचा, पण पट्टीवर आत फरशी येणारच आहे, दिसत नाही. दोन्ही आडवे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. दोन फुटी पट्टीचे तुकडे 4, 8, 4 असे लावा. उभा सांधा लांबट सागवानी पट्टीवर घ्या. दर दोन फुटांवर फासळी. प्रत्येक फासळीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं गोल भोक ठेवा, पाणी मागे वाहून जायला. आणि त्या भोकांच्या कडा? बरोबर, इपॉक्सीने बंद.

बाजू आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात आतून भराव घालायचा. इपॉक्सीत बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि थोडी सिलिका पावडर, चक्क्याइतकं घट्ट. चमचा उलटा धरला तर पडता कामा नये. कोपऱ्यात भरून चमच्याच्या पाठीने एका दमात ओढा, खरबरीत राहिला तर नंतर पेपर मारून हात मोडतात. भराव ओला असतानाच त्यावर तीन इंची काचकापडाची पट्टी बसवा. बाहेरून कोपरा पेन्सिलीएवढा गोल करा, कारण काचकापड धारदार कोपऱ्यावर बसत नाही, खाली हवा राहते.

मग पालथी घाला. पाच-सहा जण बोलवा, चहा-वड्यावर कुणीही येतं. बाहेरून अख्खा तळ आणि बाजू काचकापडात गुंडाळायच्या, तळाला दोन थर. हे ताकदीसाठी आहेच, शिवाय खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, त्यांना वाट बंद होते. कोकणात आणि गोव्यात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे ते याच किड्यांसाठी. ते तेल चांगलंच, पण तुमच्या बोटीला इपॉक्सीच्या आधी लावू नका. तेलावर इपॉक्सी धरत नाही. तळाला लांबीच्या दिशेने तीन सागवानी दांडे चिकटवा. बोट सरळ चालते, आणि कालवं धरलेल्या खडकावर टेकली तर आधी दांडा घासतो.

आता भोकांची गोष्ट, जी सगळे टाळतात. क्लीट (दोर बांधायची खुंटी), बिजागरी, इंजिनाचा कंस, जे काही बसवायचं तिथे स्क्रूपेक्षा दुप्पट जाड भोक पाडा. खालून टेप लावा. घट्ट इपॉक्सी भरा. दुसऱ्या दिवशी त्या भरावात बारीक भोक पाडून स्क्रू घाला. आता स्क्रू लाकडाला शिवतच नाही. कंटाळवाणं आहे, एका क्लीटला दोन दिवस जातात. माझ्या हाताखालच्या पोराने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा "मॅडम, चार स्क्रूला एवढं?" असं म्हणून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून गेलेय. त्याला सिंकखालचा एक तुकडा हातात दिला. पुढचे सगळे त्याने न सांगता केले.

केबिन

सात फूट लांब. पुढे चार फूट डेक, मागे पावणेपाच. मागचा मोठा, कारण दिवस तिथेच जातो. दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटी बाक, मधे दीड फूट वाट, रात्री वाटेवर फळी टाकली की सलग बिछाना. बाकाच्या पृष्ठापासून छपरापर्यंत 38 इंच मोकळे हवेत, म्हणजे पाठ ताठ करून बसता येतं. उंची वाढवायचा मोह आवरा. तुमचे मित्र म्हणतील, अजून दोन फूट चढवलं तर उभं राहता येईल. फेब्रुवारीपासून दुपारी खारे वारे खाडीत घुसतात, आणि चार इंच बुडालेल्या बोटीवर उंच भिंत म्हणजे शीडच. छपरावर कुणी बसणार नाही हेही तेव्हाच ठरवा.

भिंती आणि छप्पर 6 मिमी, आतून पट्ट्यांचा सांगाडा. केबिनची भिंत बोटीच्या बाजूवर बाहेरून दोन इंच चढवून घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता बाहेर पडतं. छपराला मधे तीन इंच फुगवटा. लाकडी बोट कुजते ती वरून, पावसाच्या गोड्या पाण्याने. मीठ बुरशीला आवडत नाही, गोडं साचलेलं पाणी फार आवडतं. म्हणून छप्पर, खिडक्यांची चौकट आणि डेकचे कोपरे यांना तळाइतकाच मान द्या. छपराची कड चारही बाजूंना इपॉक्सीचे तीन हात, आणि खालून पाणी टपकायला खाच.

दारं दोन. मागे मोठं, पुढे छोटं. पुढच्याने नांगर हाताळता येतो, आणि मागे आग लागली तर बाहेर पडायला वाट राहते. समोरासमोर खिडक्या, 4 मिमी पॉलिकार्बोनेट, आतून मच्छरदाणीची जाळी. पूर्ण बंद न होणारे दोन झरोके ठेवाच, दोन माणसांच्या श्वासाने पहाटे छपरातून पाणी ठिबकतं.

स्वयंपाक मागच्या डेकवर, आत कधीच नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली तळात जाऊन बसतो आणि तिथून बाहेर जायला त्याला वाट नाही. पेट्रोलच्या वाफेचंही तेच. सिलिंडर आणि पेट्रोलचा कॅन दोन्ही उघड्या डेकवर बांधून. बॅटरी पेटीत पट्ट्याने आवळलेली, तिच्या तोंडाशीच फ्यूज.

पुढच्या आणि मागच्या डेकखाली हवाबंद कप्पे करा. लाकूड तरंगतं, पण इंजिन आणि बॅटरी बुडतात. कप्प्यांत झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या कोंबा, म्हणजे कप्पा फुटला तरी हवा राहते. साधं थर्माकोल नको, पेट्रोल लागलं की विरघळतं. संडासला झाकणाची बादली आणि भरपूर लाकडाचा भुसा. भुशाची माझ्याकडे काय कमतरता.

रंगाबद्दल थोडक्यात: इपॉक्सी उन्हाने पिवळी पडून सुटते, म्हणून वरून दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच. छप्पर पांढरं. गडद निळं फोटोत छान दिसतं, आत एप्रिलमध्ये बसता येत नाही.

पाण्यात

पहिल्यांदा माणसं चढवू नका. उथळ जागी, धक्क्याला दोन दोर बांधून, 20 लिटरचे भरलेले कॅन एकेक चढवा. कॅन साधारण 20 किलो. सगळं वजन चढल्यावर पाणी कुठे येतं तिथे खूण करा. मग सगळे कॅन एका बाजूला सरकवा आणि किती कलते ते बघा. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी आत हात फिरवून ओल शोधा. इंजिन पाच एचपी पुरतं. वल्ही दोन आणि एक लांब बांबू, इंजिन असलं तरी. बांबूवर फुटाफुटाला रंगाचे पट्टे मारा.

तो बांबू रात्री कामाचा. भरती कधी हे आमच्याकडे तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, संध्याकाळी सहाला आणि पहाटे सहाच्या सुमारास पुन्हा भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हे मुखाजवळचं झालं, आत मालदोली-करंबवण्याकडे पाणी उशिरा पोचतं. आणि आणखी वर नदीच्या अंगाला कोळकेवाडीच्या वीजघरातून कोयनेचं पाणी येतं, ते पंचांगाला विचारून सोडत नाहीत.

पहिली रात्र अष्टमी ते दशमीत काढा, भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, चढउतार कमी. उधाणाला पाणी सहा-सात फुटांच्या पुढेही चढतं-उतरतं. पण अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती म्हणजे मध्यरात्री ओहोटी, तुम्ही झोपलेले असताना. संध्याकाळी बांबूने सहा-सात फूट मोजलेल्या जागी नांगर टाकलात तर मध्यरात्रीही खाली तीनेक फूट उरतात. पौर्णिमेला उलट: संध्याकाळी सहाला पाणी तळाला गेलेलं असतं, सव्वाअकरापर्यंत चढतच राहतं. तेव्हा दोर संध्याकाळच्या खोलीवर मोजला तर नांगर उचलला जातो. नियम असा की सर्वांत जास्त पाणी अधिक डेकची उंची, त्याच्या पाचपट दोर. दहा फूट पाणी आणि दोन फूट डेक, म्हणजे साठ फूट. नांगराला लागून सहा-आठ फूट साखळी. चिखलात चपट्या पात्यांचा नांगर धरतो. पाणी सहा तासांनी उलटं फिरतं तेव्हा बोटही नांगराभोवती फिरते, म्हणून साठ फुटांच्या त्या वर्तुळात जाळ्यांचे खुंट, खडक, दुसरी होडी काही नको. खारव्यांची जाळी कुठे मारलेली आहेत ते दिवसा विचारून घ्या. विचारलं की सांगतात, आणि बहुधा मासेही देतात.

रात्रभर छपरावर पांढरा दिवा, चहूबाजूंनी दिसणारा. बोट चालू असताना लाइफ जॅकेट अंगात. निघायचं सकाळी, दुपारी दोनपर्यंत जागेवर.

आणि मगरी. वाशिष्ठीत आणि जगबुडीत आहेत, चिखलाच्या काठावर उन्हं खात पडलेल्या दिवसा दिसतात. त्या त्यांच्या घरी आहेत, कायद्याने संरक्षित आहेत, आणि बोटीवर चढून येत नाहीत. पण डेकवरून पाय पाण्यात सोडून बसायचं नाही, पोहायचं नाही, मासे साफ केलेलं पाणी बोटीशेजारी ओतायचं नाही, भांडी बादलीतल्या पाण्यात घासायची. लहान मुलं आली तर दोन्ही डेकला कमरेएवढं दोराचं कुंपण.

मे सरताना बोट बाहेर. आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, सगळी झाकणं आणि दारं उघडी टाकून आठवडाभर वारा खेळू द्या. मग हातात टॉर्च घेऊन प्रत्येक कडेवरून नख फिरवत जा. रंगाला केसाएवढी भेग दिसली तर तिथे खरवडा, उन्हात वाळवा, इपॉक्सी भरा. पागोळीखाली ठेवू नका, शेडमध्ये ठेवा, पुढची बाजू थोडी वर, आणि मागच्या फळीतलं पाणी काढायचं बूच काढून. काढलेलं बूच सुकाणूच्या दांड्याला लालभडक दोरीने बांधून ठेवा. नोव्हेंबरमध्ये बोट ढकलताना ते आठवत नाही.